सर्पदंशाची लस तालुक्यातच हवी

महोदय,

गेल्या सुगीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात भात कापताना थोरल्या भावाच्या पायाला घोणस चावली. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला जवळच्या लहान रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतले. २० मिनिटांनीही ते गोठले नाही, म्हणजे विष भिनले होते. लसीच्या मात्र दोनच कुप्या शिल्लक होत्या. सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. त्या दोन टोचून त्याला बेळगावला पाठवले. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि वहिनी पदराने पुसत होती. भाऊ वाचला, पण ती वाट मी विसरू शकत नाही.

डॉक्टर-नर्सांना दोष नाही, हातात होते ते त्यांनी दिले. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. तिची भुकटी फ्रीजशिवायही टिकते, मग वीज जाते ही सबब कशाला? कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सक्तीची आहे. त्या नोंदी बघूनच पावसाळ्याआधी आणि सुगीआधी साठा भरावा. लसीची रिॲक्शन आली तर लागणारे ॲड्रेनॅलिनही सोबत हवे.

आणि आज किती कुप्या आहेत, हे दारावरच्या फळ्यावर कन्नड व मराठीत रोज लिहा. रात्री कुठे धावायचे, एवढे तरी कळेल.

— एक शेतकरी, खानापूर तालुका, जि. बेळगाव