गढूळ पाण्याची बाटली कुठे न्यायची?

संपादक महोदय,

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत आठवडाभर गढूळ पाणी येत होते. अ‍ॅपवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला आणि नळाला पाणी तसेच, चहाच्या रंगाचे. शेजारच्या काकूंनी ते बाटलीत भरून विचारले, “आता ही कुणापुढे नेऊन ठेवू?” महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते. माजी नगरसेवक म्हणाले, “माझं आता कुणी ऐकत नाही.” शेवटी पोरांनी रस्ता अडवला आणि चौघांवर गुन्हे दाखल झाले.

सभागृह असते तर हीच बाटली महासभेत गेली असती. अभियंत्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागले असते आणि ते इतिवृत्तात आले असते. महासभेतल्या गोंधळाला मीही नाके मुरडली आहेत. पण रस्त्यावरचा राग तिथेच जिरतो, हे ती जागा रिकामी झाल्यावर कळले.

७४व्या घटनादुरुस्तीनुसार पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, नवी मुंबई आणि संभाजीनगरची तर २०२०मध्येच. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचाच होता, पण तो आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर चक्रे हलली आणि २९ महापालिकांच्या मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार म्हणजे ‘अराजकाचे व्याकरण’, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. मोर्चा काढणाऱ्यांना हे नेहमी ऐकवले जाते. पण मार्ग खुले असले पाहिजेत ही त्यातली अट आहे आणि ती पाळायची जबाबदारी सरकारची आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांपुढे कोणता मार्ग खुला होता?

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. प्रभाग समित्यांच्या बैठका प्रभागातच, नोकरदारांना येता येईल अशा संध्याकाळच्या वेळी घ्याव्यात. आणि पुढच्या निवडणुकीची प्रभागरचना व आरक्षण सोडत मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी पूर्ण करण्याचे बंधन राज्य सरकारने कायद्यात घालावे.

आपला,
एक वाचक