फादरांची बदली झाली की काम बंद, असं का?

महोदय,

नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेची बातमी फेब्रुवारीत सगळेच पेपर छापतात, गर्दी किती, पार्किंग कुठे वगैरे, पण चर्चचं जे काम वर्षभर झोपडपट्टीत चालतं त्यावर दोन ओळी येत नाहीत आणि आल्याच तर धर्मांतराच्या भांडणात येतात. ते भांडण ज्यांना करायचंय त्यांनी करावं, मला वेगळंच बोलायचंय.

आमच्या भागातल्या एका चर्चने मागे बायकांसाठी शिवणक्लास काढला होता. ख्रिश्चन असो नसो, कुणीही या. जोरात चालला, कारण फादर स्वतः दारोदार फिरायचे, कोण का आलं नाही, कुणाचा नवरा पिऊन येतो, कुणाच्या पोराची फी राहिली, सगळं त्यांना पाठ. मग त्यांची बदली झाली. (बदल्या होतातच, बिशपांची ऑर्डर आली की बॅग भरायची, त्यात त्यांचा काय दोष.) नवीन आलेले फादर माणूस चांगले पण ते शाळेच्या बिल्डिंगच्या कामात अडकले, आणि इकडे खोलीची चावी कुणाकडे, रिळांचे पैसे कोण देणार, मशीन बिघडलं तर कुणाला सांगायचं, हे बायकांना माहीतच नाही, कारण त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. मशिनी पडून राहिल्या.

आता याच धर्मप्रांतातलं (म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागातलं) उलटं उदाहरण बघा. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) त्यातच येतो. तिथे स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेल्या फादर हर्मन बाखर या जेज्विट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंनी पाणलोटाचं काम उभं केलं. डोंगर उघडाबोडका असेल तर विहीर कितीही खोल न्या, उन्हाळ्यात तळ दिसणारच, म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं. पण खरी गंमत अटींमध्ये होती. गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी पाळायची, झाडं तोडायची नाहीत, आणि गावाची स्वतःची पाणलोट समिती पाहिजे, जी काम बघेल आणि हिशोबही. नुसतं फुकट वाटप नाही! संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी याच वाटेने गेलेलं गाव. फादर २०२१ मध्ये गेले तरी त्यांनी १९९३ ला सुरू करून दिलेली ‘वॉटर’ (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था आजही चालूय.

मग शहरातल्या धर्मग्रामांना (म्हणजे एकेका चर्चच्या मंडळींना) हे का जमू नये? रविवारच्या मिस्सानंतर देणग्या गोळा होतात, नाताळला किराणा किट वाटली जातात, फोटो निघतात, ठीक आहे, पोटाला लागतंच ते. पण क्लास, अभ्यासिका, बचत गट अशी कामं वस्तीतल्याच पाच-सात बायकांच्या समितीकडे द्या, त्यात बिगर-ख्रिश्चनही घ्या, बँकेत सही त्यांची, फादर फक्त सल्ल्याला. सुरुवातीला गडबड होईल, भांडणंही होतील, होऊ देत. आणि दर महिन्याचा हिशोब चर्चच्या बोर्डावर लावा, वस्तीतही लावा.

तुमच्या वार्ताहरालाही एकदा यात्रा सोडून एखाद्या साध्या मंगळवारी वस्तीत पाठवा, आणि फादरांना नंतर भेटायला सांगा, आधी तिथल्या बायकांशी बोलायला सांगा.

— एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड