खार जमिनीच्या सह्या पुण्यात अडकल्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या प्लॉटच्या जाहिरातींनी अख्खं पान भरलं होतं. त्यातल्या एकीतला नकाशा चष्मा लावून पाहिला, तर खाडीकाठचं ते गाव आमचंच निघालं. जाहिरातीत जिथे हिरवळ आणि पांढरा बंगला दाखवलाय, तिथे प्रत्यक्षात भरतीला गुडघाभर पाणी असतं. ती आमची खार जमीन. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत आणि त्यांतली अकरा पुण्या-मुंबईत राहतात. मी त्यांतलाच एक, कोथरूडचा. म्हणून हे पत्र पुण्याच्या वर्तमानपत्राला.

अलिबाग-पेणच्या खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडची भातशेती समुद्राकडून हिसकावलेली. पूर्वजांनी खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या दलदलीत, मातीचे बांध घातले, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढलं आणि खारं सोसणारं राताचं भात पिकवलं. बांध मात्र दरवर्षी डागडुजी मागतो. पूर्वी गावकी जमून चिखल चढवायची. मग तरुण शहरात आले, बांध सरकारचे झाले, आणि बावीस वर्षांपूर्वी आषाढातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला. अर्ज झाले, पाहणी झाली, खांड तशीच राहिली. एकदा का खारं पाणी आत शिरलं की दोन पावसाळ्यांत जमीन भाताची राहत नाही.

पण ती मेलेलीही नाही, हे मला मागच्या मे महिन्यात कळलं. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, कोयता घेऊन पुढे आणि मी मागे, असे बांधावरून चाललो होतो. खांडीच्या आतल्या अंगाला चिखलातून बोटाबोटाएवढी श्वासमुळं वर आली होती, हजारोंनी. भोवती कमरेएवढी तिवराची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनातल्या झाडाची, रोपं. पान तोडून जिभेला लावलं तर खारट, कारण मुळांतून आलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. पायाशी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. आणि दादा खाली वाकून एकेक रोप छाटत चालला होता.

"अरे, का कापतोस?"

"वाढलं की कांदळवन म्हणून नोंद होईल. मग ना विकता येणार, ना बांध घालता येणार. तिवर उगवली की जमीन गेली, भाऊ."

त्याची भीती खोटी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. 2018 च्या निकालात तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग ठरवला आणि कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. निकाल योग्यच आहे, त्याशिवाय मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत आज मुरूमच दिसला असता. पण त्याच धाकाने ज्याच्या शेतात तिवर उगवते तो तिला शत्रू समजतो आणि अंधारात छाटतो. (दादाच्या छाटणीचा उल्लेख त्याला विचारूनच केलाय. तो म्हणाला, लिही, सगळेच करतात.)

यातून एक वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं. खासगी किंवा गावकीच्या जमिनीचे मालक आपणहून तयार झाले तर ती वन्यजीवांसाठी राखीव जाहीर होते. मालकी मालकाचीच राहते आणि कारभार समितीकडे जातो; खासगी जमीन असेल तर त्यात मालक, वन खात्याचा एक प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतं. म्हणजे एजंटला दार बंद. देशातल्या अशा सुरुवातीच्या क्षेत्रांपैकी एक केरळात, कडलुंडी नदीच्या मुखाशी, 2007 साली झालं. सुमारे दीडशे हेक्टरची खाडी, कांदळवन आणि परदेशातून येणारे पाणपक्षी. आमच्या खाजणासारखीच जागा.

शिवाय काही लावायलाही नको. हे मुद्दाम सांगतो, कारण पुण्यातली मंडळी बस करून झाडं लावायला येतात. शेजारच्या गावात एका कंपनीने कांदळाच्या, म्हणजे तिवरासारख्याच दुसऱ्या खाडीच्या झाडाच्या, शेंगा खोचल्या, त्याही ओहोटीला जेमतेम तासभर उघड्या पडणाऱ्या चिखलात. फोटो छान आले. वर्षभराने तिथे फक्त आधाराच्या काठ्या उरल्या होत्या. रोप दिवसभर पाण्याखाली राहिलं तर गुदमरतं. आणि तो उघडा चिखल म्हणजे तुतवार पक्ष्यांचं ताट, तिथे झाडं लावणंच चूक. पाणी आत येऊन पुरतं बाहेर जायला हवं, एवढंच पाहायचं. उघाडीत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारात, अडकलेला गाळ काढायचा, खांड थोडी रुंद करायची, जुने चर मोकळे करायचे. तिवराचं बी भरतीबरोबर आपोआप येतं.

पोट कशावर भरायचं, हा प्रश्न दादा विचारणारच, आणि पेन्शन खाणाऱ्या माझ्याकडून त्याला त्यागाचे धडे नकोत. चिंबोऱ्या, कोळंबी, जिताड्याची पिल्लं खाजणातच वाढतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा किनाऱ्यावरची अंडी लोक खायला नेत. आज तिथे पुणेकर पिल्लं पाहायला पहाटे उठून वाळूत उकिडवे बसतात आणि गावातल्या घरांत जेवतात. भिगवणला रोहित पक्षी पाहायला आपण ज्याच्या होडीत बसतो तो मासेमारीवर वाढलेलाच माणूस असतो. 2017 पासून कांदळवनाच्या गावांसाठी उपजीविकेची सरकारी योजनाही आहे, खेकडेपालनापासून पर्यटनापर्यंत. यातून रग्गड पैसा मिळेल असं मी म्हणणार नाही. प्लॉटचा आकडा यापेक्षा मोठाच असतो.

जिथे बांध अजून उभे आहेत आणि भात पिकतंय तिथे बांधच दुरुस्त व्हायला हवेत, त्यात वाद नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप करून जमीन पडीक ठेवली, पण खोतापुढे वाकले नाहीत. तिथल्या माणसाला जमीन समुद्राला दे म्हणणं सोपं नाही. मी बोलतोय ते वीस-बावीस वर्षं खाऱ्या पाण्याखाली असलेल्या तुकड्यांबद्दल.

आणि त्यांची अडचण पुण्यातच आहे. गावात राहणारे सहा जण एका बैठकीत बसतील. कर्वेनगर, सहकारनगर, चिंचवडपासून मुंबईपर्यंतच्या उरलेल्या दहा जणांना सह्या मागायच्या, तर एकाला वेळ नाही, दुसऱ्याच्या मुलाने एजंटशी बोलणं सुरू केलंय, तिसऱ्याला आपलं नाव सातबाऱ्यावर आहे हेच ठाऊक नाही. वाचकांपैकी ज्यांची खार जमीन अशी पडून असेल, त्यांनी आधी उतारा काढावा, एखाद्या ओहोटीला जाऊन ती पाहावी, मग एजंटचा फोन घ्यावा. शक्यतो घेऊच नये.

गणपतीत आमचे सगळे भाऊबंद गावी जमतील. सहमतीचा कागद मी तयार करून ठेवलाय. दादा सही करेल की नाही, त्याचं त्यालाच माहीत नाही. तोवर कोयता घरी ठेवायचं मात्र त्याने कबूल केलंय.

आपला,
खारेपाटातला एक पुणेकर
कोथरूड, पुणे