सेल्युलर जेलला पाऊण तास पुरत नाही

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की मुंबईतल्या सहलींच्या जाहिरातींत अंदमान हमखास असते. ‘पाच रात्री, सहा दिवस’ हा साचा ठरलेला आणि त्यातली पहिल्या दिवसाची ओळही ठरलेली: आगमन, हॉटेल, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वराज द्वीपाची, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकची, बोट. आमची तक्रार या पहिल्या ओळीबद्दल आहे. बहुतेक मराठी माणसे अंदमानला जातात ती या तुरुंगाच्या ओढीने, आणि सबंध सहलीत सर्वांत कमी वेळ मिळतो तो त्यालाच.

असे का होते ते पाहा. मुंबईहून पहाटे निघालेला गट पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) दुपारच्या सुमारास उतरतो. सामान, हॉटेलची खोली, जेवण यांत तीन वाजतात. हे शहर मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या आसपासच सूर्य मावळतो, आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी. तुरुंग पाहण्याची वेळही साधारण तेव्हाच संपते. तिकिटाची रांग आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणे वजा केले तर हातात पाऊण तास उरतो. मग गाईड सगळ्यांना थेट सावरकरांच्या कोठडीकडे नेतो, तिथून फाशीघर, एक गटफोटो आणि बाहेर. ना गाईडची चूक, ना गटाची. चूक कार्यक्रमपत्रिकेची आहे.

उपायही त्याच पत्रिकेत आहे. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) करून परत आल्यावर शेवटचा एक दिवस शहरात खरेदीसाठी ठेवलेला असतो. त्या दिवसाची सकाळ तुरुंगाला द्यावी. सकाळी नऊच्या सुमारास दरवाजा उघडला की आत जावे आणि दुपारी मधल्या सुट्टीसाठी बंद होईपर्यंत थांबावे. तीन तास सहज जातात. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची वेळ अधूनमधून बदलते, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्यावे. ध्वनिप्रकाश कार्यक्रम मात्र पहिल्या संध्याकाळीच ठेवला तरी चालतो.

आत गेल्यावर सुरुवात कोठडीपासून करू नका, मधल्या टेहळणी मनोऱ्यापासून करा. गच्चीवर गेले की इमारतीची आखणी एका नजरेत कळते. सायकलच्या चाकाला आरे असतात तशा या मनोऱ्याला सात इमारती जोडलेल्या होत्या, प्रत्येक तीन मजल्यांची. बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. विटा ब्रह्मदेशातून आणल्या. एकूण कोठड्या ६९३. सात इमारती, तीन मजले, म्हणजे एकवीस गॅलऱ्या, आणि सगळ्या याच मनोऱ्याला येऊन मिळत. मोजके पहारेकरी शेकडो माणसांवर नजर ठेवू शकत ते या आखणीमुळे.

आज त्यांतल्या तीनच इमारती उभ्या आहेत. बाकीच्या चार जपानी ताब्याच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतर पाडल्या गेल्या. ज्यांनी इथे शिक्षा भोगली त्या माजी राजबंद्यांनी विरोध केला म्हणून उरलेला भाग वाचला. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते तो राष्ट्रीय स्मारक झाला. गच्चीवरून शेजारी जे रुग्णालय दिसते ते पाडलेल्या इमारतींच्या जागेवर आहे. हे आधी माहीत नसेल तर तीन इमारतींचाच तुरुंग होता असे वाटते. तेव्हा संग्रहालयातली सातही इमारतींची प्रतिकृती मनोरा चढण्यापूर्वीच पाहून घ्यावी.

आता कोठडी. साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात-साडेसात फूट रुंद. खरे सांगायचे तर मुंबईकराला ती लहान वाटतच नाही. गिरगाव-लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली याहून फारशी मोठी नसते आणि तिच्यात आठ-दहा माणसांचे कुटुंब नांदलेले असते. ‘एवढीच तर खोली, एवढे काय!’ असे गटातले कोणी ना कोणी पुटपुटतेच. क्रौर्य शोधायचे ते खोलीच्या मापात नव्हे. ‘सेल्युलर’ हे नाव पडले ते इथे सामायिक बराकच नव्हती म्हणून. एका कोठडीत एक माणूस, बस्स.

चाळीची गॅलरी आठवा. दार उघडले की समोरच्या बिऱ्हाडातला चहा दिसतो, भांडण ऐकू येते, कोण आजारी आहे ते न विचारता कळते. इथेही ओळीने दारे आहेत, पुढे तशीच गॅलरी आहे. पण एका इमारतीची गॅलरी शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहे. कैदी गजांशी उभा राहिला तर त्याला समोर दिसे ती भिंत, माणसाचा चेहरा नाही. हे कळायला दहा मिनिटे गॅलरीत नुसते उभे राहावे लागते. पाऊण तासाच्या फेरीत ती दहा मिनिटे मिळत नाहीत.

दाराची कडी जवळून पाहा. लोखंडी गजांच्या दाराचा अडसर दारापाशी संपत नाही. तो लांब पट्टीने भिंतीत पुढे जातो आणि फूटभराहून अधिक अंतरावरच्या एका कोनाड्यात शिरतो. कुलूप त्या कोनाड्यात. आत उभे राहून गजांतून हात बाहेर काढा आणि कुलपापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करा. खांदा गजाला घट्ट चिकटतो, बोटे भिंतीवर चाचपडतात, कुलूप काही हाताला लागत नाही. लहान मुलांना हा एक प्रयोग अवश्य करू द्यावा. शंभर वाक्यांनी सांगूनही जे पोहोचत नाही ते त्यांच्या हाताला आपोआप कळते.

मागच्या भिंतीत छताजवळ, सुमारे तीन मीटर उंचीवर झरोका आहे. उजेड येतो, हवा येते, पण बाहेर बघता येत नाही. १९१२ मध्ये बंगालचे इंदुभूषण रॉय यांनी अंगावरचे कपडे फाडून त्यांचा फास केला आणि कोठडीत आत्महत्या केली. गाईडच्या घाईत हे नाव बहुतेकदा राहून जाते.

अंगणातल्या शेडमधला कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, सर्वांना ठाऊक असतो, तिथे फोटोही भरपूर निघतात. त्यामागचा आकडा मात्र नीट सांगितला जात नाही. खोबरेल तेलाचा रोजचा वाटा होता ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून थोडा जास्त. किराणा दुकानातला पंधरा किलोचा तेलाचा डबा डोळ्यांसमोर आणा. तो जवळजवळ भरायचा, एकेका माणसाने, रोज. सुक्या खोबऱ्यात तेल असते साठ-पासष्ट टक्के आणि घाणीतून तेही सगळे निघत नाही. म्हणजे बावीस-तेवीस किलो खोबरे तरी बैलाच्या जागी जुंपलेल्या माणसाने गोल गोल फिरून पिळायचे. संध्याकाळी तेल मापले जाई. कमी भरले की हातकड्या अडकवून भिंतीशी उभे करणे, दंडाबेडी, अशा शिक्षा. नारळाची सोडणे कुटून काथ्या काढण्याचे कामही असेच ठरलेल्या वजनाचे. मुलांना समजावताना डब्याचे उदाहरण द्या. ‘खूप छळ झाला’ एवढे म्हणून त्यांच्या हाती काही लागत नाही.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला आहे. तिला एक जादा लोखंडी दार आहे, ते ओलांडताना लक्षात घ्या. ४ जुलै १९११ रोजी त्यांना इथे आणले, शिक्षा दोन जन्मठेपांची, पन्नास वर्षांची. भिंतीवर कवितेच्या ओळी सापडतील अशा आशेने लोक बोटे फिरवत राहतात. त्या ओळी तिथे नाहीत. भिंतींना चुना फासला की लिहिलेले पुसले जाई, म्हणून तर ते पाठ करून ठेवावे लागे. ही कोठडी रांगेने पाहिली जाते. आत शिरून मोबाइलसमोर पाच-पाच मिनिटे उभे राहू नये. आणि मागच्या माणसालाही इथे एक मिनिट शांतता हवी असते, हे विसरू नये.

खाली आल्यावर मनोऱ्यातल्या संगमरवरी फलकांवरची नावे वाचा. प्रांतवार याद्या आहेत. मुंबई प्रांताची यादी अगदी छोटी आहे: गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर, विनायक दामोदर सावरकर, नाशिक खटल्यातले वामन नारायण जोशी. मराठी गट आपली नावे वाचून पुढे सरकतो. पण बंगालची यादी लांबच लांब आहे आणि पंजाबचीही मोठी आहे. बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, सोहनसिंग भकना, भाई परमानंद. तुरुंगासमोरच्या बागेत इथेच मरण आलेल्यांचे पुतळे आहेत. त्यांतले महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र हे १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न भरवताना गेले. नळीतून ओतलेले दूध फुप्फुसात उतरले की माणूस वाचत नाही. महावीर सिंहांचे तसेच झाले. जानव्याच्या हक्कासाठी अन्न सोडणारे रामरखा यांचाही पुतळा तिथे आहे. या बागेला वीस मिनिटे द्या, ती तिकिटाविना पाहता येते.

गटांत तीन चुका वारंवार ऐकू येतात. पहिली, १८५७ च्या बंडातले कैदी या तुरुंगात होते. ते अंदमानात आले हे खरे, मार्च १८५८ मध्ये पहिले दोनशे. पण ही इमारत त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने पुरी झाली. दुसरी, लोकमान्य टिळक इथे होते. ते मंडालेला होते, ब्रह्मदेशात. तिसरी, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला या फाशीघरात फाशी दिले. त्याला १८७२ मध्ये व्हायपर बेटावर फाशी झाली. त्या बेटावर यापूर्वीचा तुरुंग होता आणि टेकडीवरचे फाशीघर आजही आहे. समुद्र शांत असेल आणि बोट चालू असेल तर व्हायपर अवश्य पाहावे, तिथे गर्दी नसते.

ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर, अंगणातच होतो. खुर्च्या मर्यादित असतात आणि हिंदी व इंग्रजी प्रयोगांच्या वेळा वेगळ्या, म्हणून तिकीट आधी काढावे. आपल्या ज्येष्ठांना हिंदी प्रयोगच बरा. पाऊस आला की प्रयोग रद्द होतो. अंदमानचा पाऊस मे महिन्यात सुरू होऊन पार नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक संध्याकाळ हाताशी राखावी. डासांसाठी मलम, अंगभर कपडे.

गुडघे दुखत असतील तर तिसऱ्या मजल्याचा हट्ट नको. तळमजल्यावरच्या कोठड्या मापाने, दाराने, झरोक्याने अगदी तशाच आहेत. कडीचा प्रयोगही तिथे होतो. पाण्याची बाटली, टोपी, न घसरणाऱ्या चपला. सकाळी नऊलाही तिथले ऊन आपल्या दहा-अकराच्या उन्हासारखे लागते, कारण सूर्य पाच ते सहाच्या दरम्यानच उगवलेला असतो. म्हणून गच्ची आधी, कोठड्या नंतर. गाईड गटाला एक असतो आणि चाळीस जणांत मागच्यांना त्याचे शब्द पोहोचत नाहीत. पंधरा-वीस जणांमागे एक गाईड घ्यावा, माणशी खर्च फार वाढत नाही.

मुंबईतल्या सहल आयोजकांना विनंती एवढीच की छापील पत्रिकेत ‘सेल्युलर जेल (सकाळी, तीन तास)’ असे स्पष्ट लिहावे आणि पहिल्या दिवसाच्या दुपारी तिथे समुद्रकिनारा ठेवावा. आणि नावनोंदणी करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे: जेलला किती वाजता नेणार, किती वाजता बाहेर काढणार? जेवणात काय आहे हे आपण विचारतोच.

– अंदमान सहलींत मराठी गटांना माहिती सांगणारे काही वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई