सकाळी सगळे या, संध्याकाळी फक्त मोठे

फिलाडेल्फिया,
१२ एप्रिल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुमच्या डॅलसच्या पुतण्याने माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला मुलं आणण्याचा विषय निघाला आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. बाबा, तुम्ही त्याला सांगून टाकलंत, "पोरांना घेऊन ये बिनधास्त, ऐनवेळी कोण परत पाठवणार आहे?" हे तुम्ही प्रेमापोटी बोललात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि आईचा रडवेला होतो, म्हणून नीट लिहून पाठवते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी काय ठरलंय ते सांगते, कारण नातेवाइकांत "तिने मुलांना बंदी केली" एवढंच फिरतंय. लग्नाला बंदी नाही. जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहाला बागेत लग्न लागेल, त्याला लहान-मोठे सगळे. अंतरपाट दादाची लेक आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा धरणार आहेत. बागवाले तांदूळ उधळू देत नाहीत, म्हणून अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या असतील आणि त्या वाटायचं काम सगळ्या पोरांकडेच आहे. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" अशी ओळ छापतात ना, ती ओळ सकाळच्या पत्रिकेवर आहे. दुपारचं जेवण तिथेच पंगतीत. संध्याकाळी सहाला रिसेप्शन, ते मात्र फक्त अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी.

बाबा, "दोन खुर्च्या वाढवायला काय लागतं" असं तुम्ही विचारलंत. इथे लागतं. हॉलच्या भिंतीवर किती माणसांना परवानगी आहे तो आकडा लावलेला असतो आणि तो अग्निशमनच्या नियमांतून येतो. १९४२ साली बॉस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागली, आत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, ४९२ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत हे नियम कडक झाले. आमच्या हॉलचा आकडा ९० आहे. त्यात प्रत्येक मूलही धरायचं. जेवणही बुफे नाही, टेबलावर वाढतात, आणि कोण कुठे बसणार, काय खाणार याची यादी केटररला काही दिवस आधी द्यावी लागते. न कळवता चार जण वाढले तर कुणाला तरी उभं राहावं लागेल, आणि ते उभं राहणारे तुम्ही दोघं असाल, कारण यजमान आधी स्वतः उठतात.

पण नुसता जागेचा प्रश्न असता तर आम्ही मोठा हॉल शोधला असता. खरं कारण वेगळं आहे आणि ते आईला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आई, मावशीच्या लग्नात मी जेमतेम वर्षाची होते. सख्ख्या बहिणीच्या मंगलाष्टका तू कार्यालयाच्या मागच्या ओट्यावरून ऐकल्यास, कारण मी रडत होते. हे मी तुझ्याच तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. वहिनीला बघ. मुलगी झाल्यापासून घरातल्या एकाही लग्नात ती पहिल्या पंगतीला बसलेली मला आठवत नाही. पोरगी झोपली की ती जेवते, तोवर जिलबी संपलेली असते आणि गप्पाही. लग्नात मुलं असली की घर भरल्यासारखं वाटतं, हे आत्याचं म्हणणं मला पटतं. पण ते भरलेपण कुणाच्या जिवावर उभं असतं? पुरुष स्टेजजवळ, बायका पाळण्याजवळ, हे मी लहानपणापासून बघत आले. माझ्या मैत्रिणी आता आया झाल्या आहेत. त्यांनी त्या संध्याकाळी गरम जेवावं, भाषणं शेवटपर्यंत ऐकावीत, नाचावं, आणि कुणी "बाळ रडतंय, बघ जरा" म्हणत मागे येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. वहिनीनेही. आई, तूसुद्धा, नाहीतर नातीला सांभाळायला तूच बाहेर जाऊन बसशील.

आता याची दुसरी बाजू, जिच्यावर आम्ही दोघांनी सगळ्यात जास्त विचार केला. "मुलं नकोत" असं नुसतं सांगून मोकळं झालं तर आई घरी राहते आणि बाप एकटा येतो. म्हणजे जिच्यासाठी ठरवलं, तीच वगळली जाते. त्यामुळे अट घालणाऱ्याने तिचा भार उचलायचा, असं आम्ही ठरवलं. पाहुणे ज्या हॉटेलात उतरतील तिथेच दुसऱ्या मजल्यावर दोन मोठ्या खोल्या घेतल्या आहेत. मुलांना सांभाळणाऱ्या तिघी जणी येणार, रीतसर पडताळणी झालेल्या, त्यांतली एक मराठी बोलणारी. वरणभात आणि पिझ्झा दोन्ही असेल. हॉल रस्ता ओलांडला की समोर, कुणालाही केव्हाही वर जाऊन बघून येता येईल. खर्च आमचा. अंगावर पिणारं बाळ असेल तर ते आईबरोबर हॉलमध्ये येईल, त्याबद्दल प्रश्नच नाही; फक्त आधी कळवायचं.

अवघड गाठ आहे ती पुतण्याच्या थोरल्याची. पंधरा वर्षांचा मुलगा, त्याला बाळांच्या खोलीत पाठवणं त्याला अपमानाचं वाटणार. त्याच्याशी मी स्वतः बोलले. दुसऱ्या खोलीत मोठ्या मुलांसाठी सिनेमा लावतोय, आणि सकाळच्या लग्नाचं शूटिंग त्याने करायचं असं ठरलंय. तो खूश आहे. नाराज आहेत ते त्याचे आईवडील, आणि त्यांना तुमच्या शब्दाने धीर आलाय.

म्हणूनच बाबा, तो शब्द मागे घ्यायला लागेल. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची बहीण ओरेगॉनहून तीन मुलांना घेऊन येते आहे, जवळजवळ अख्खा देश ओलांडून, आणि तिची मुलं वरच्या खोलीत राहणार हे तिने एका वाक्यात मान्य केलं. तिने रात्री हॉलमध्ये पुतण्याची पोरं हिंडताना पाहिली तर मी तिला काय सांगू? एकाला सूट दिली की उरलेल्यांचा तो अपमान होतो. अठराची रेघ चुकीची वाटत असेल तर माझ्याशी भांडा, पण ती सगळ्यांना सारखी असू दे.

इकडच्या रीतीचंही थोडं सांगते, म्हणजे पुतण्याशी बोलताना उपयोगी पडेल. पत्रिकेवर "मुलांना आणू नये" असं छापणं इथे उद्धट मानतात. पाकिटावर ज्यांची नावं तेवढेच आमंत्रित. आपल्या "सहकुटुंब सहपरिवार"च्या सवयीला हे कोरडं वाटतं, मान्य आहे, म्हणून मी नावांवर भागवलं नाही. प्रत्येक घरी फोन करून सांगितलं. पत्रिकेबरोबर तिकीट लावलेलं उत्तराचं कार्ड येतं, त्यावर "आपल्यासाठी २ जागा राखून ठेवल्या आहेत" असं लिहिलंय. पाहुण्याने येतो किंवा येत नाही एवढं कळवायचं. कार्डावर आणखी नावं लिहायची नाहीत, आणि नवऱ्यामुलीला टाळून तिच्या आईवडिलांकडे रदबदली करायची नाही.

येत नाही म्हणण्याचा हक्कही तेवढाच खरा. ज्यांना मूल सोडून यायचं नाही त्यांनी सकाळी यावं, जेवावं, आणि जावं. मी कुणाच्या नावाने मनात काही ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवू नका.

दादाचं लग्न आठवा. मे २०२१. सरकारचा आदेश होता, २५ माणसं, एकच हॉल, दोन तास, आणि मोडलं तर ५०,००० रुपये दंड. सख्खे मामा-मामी मोबाइलवर लग्न बघत होते. कुणी रुसलं नाही, उलट वर्षभर सगळे म्हणत होते की इतकं निवांत लग्न पाहिलं नव्हतं. आकडा मंत्रालयातून आला तर चालतो, मुलीकडून आला तर टोचतो. हे मला दुखतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणि वेगळं काही करायची सवय आपल्या घराला नवी नाही. तुमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. महिनाभर आधी नोटीस, तीन साक्षीदार, आणि आजोबांचा अबोला. बाबा, सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लावली, हे तुम्ही आम्हाला शाळेच्या आधी शिकवलंत. इथे पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथामुळे एक परवाना मिळतो, त्यात लग्न लावणारा कुणी अधिकारी लागत नाही. नवरा-नवरी आणि दोन साक्षीदार सह्या करतात, झालं. तोच आम्ही घेणार आहोत. एक सही नवऱ्याच्या आईची. दुसरी, आई, तुझी. मराठीत केलीस तरी हरकत नाही.

रिसेप्शनला बाबांनी बोलायचं आहे. तीन-चार मिनिटं, मराठीत. मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगेन. तुमच्या लग्नाचं बोला, आजोबांच्या अबोल्याचंही. आणि आपल्याकडून आहेर कुणी आणू नये हे मावशीच्या आणि मामांच्या घरी पुन्हा एकदा सांगा, नाहीतर साड्यांच्या पिशव्या विमानतळापर्यंत येतील.

पुतण्याला या आठवड्यात फोन करा. "मी घाईत बोललो, तिचं ठरलंय तसंच होईल, सकाळी सगळे या" एवढं पुरे. माझ्यावर ढकललंत तरी चालेल. त्याचं कार्ड मेअखेरपर्यंत यायला हवं. अंतरपाटासाठी आजीची ती जुनी साडी सापडली का ते आईने कळवावं; नाही सापडली तर मी इथे कापड घेते.

बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा जास्तीच्या घ्याव्यात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी.

तुमची,
लेक