आप्पा, तुम्ही तो ग्राइंडर बंद केलात

ती. स्व. आप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

नाव लिहू नगंस, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली कुठली गल्ली, कुठलं शेड, तेही सांगत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. कारण माझी जुनी जावा मोटरसायकल कुठंही लावली की दहा मिनिटांत कुणीतरी येतं, टाकीवरून हात फिरवतं आणि विचारतं, "कुणी केली?" मी सांगते, "मीच." ते खरं आहे, पण अर्धंच. राहिलेलं अर्धं आज लिहून काढते. नात वाचून दाखवेल तुम्हाला. तिला म्हणावं, सावकाश वाच.

मार्च २०२२ मधला तो रविवार तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला त्यातलं सगळं आठवतं. तुमच्या समोरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मी माझ्या जावाची चासी घेऊन आले होते. १९६९ ची जावा २५०. कागलकडच्या एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, चिपाडाच्या ढिगामागे ती कितीतरी वर्षं पडून होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, पिस्टन सिलेंडरला धरून बसलेला. मला तिचा बॉबर करायचा होता. मागचं मोठं मडगार्ड अर्ध्यात कापायचं, चासीचा मागचा भाग उडवायचा, एकटीपुरती बुटकी सीट टाकायची. खडूनं खुणासुद्धा केल्या होत्या. पोरानं ग्राइंडर चालू केला, चाक खुणेजवळ नेलं आणि तेवढ्यात आवाज बंद पडला. लाइट गेली असं मला वाटलं. वळून बघते तर तुम्ही. रस्ता ओलांडून आला होतात आणि भिंतीवरचं बटण बंद करून तिथंच उभे होतात.

एक शब्द बोलला नाहीत. उकिडवे बसलात, खिशातलं फडकं रॉकेलमध्ये बुडवलंत आणि चासीवरचा नंबर पुसायला लागलात. आकडे दिसायला लागल्यावर विचारलंत, "आरसी बुक हाय?" आहे म्हटलं. "इंजान कुटं हाय?" पोत्यात आहे म्हटलं.

ते पोत्यात का होतं, हेही तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. एका गॅरेजला मी ते दुरुस्तीला दिलं होतं. सात महिन्यांनी ते सुटं होऊन परत आलं. कार्बोरेटर गायब, अर्धे नट दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे. तेव्हापासून कुणाच्याही हातात काही द्यायची माझी छाती होत नव्हती.

तुम्ही म्हणालात, "पोतं घिऊन यी. आदी ते चालू कर. चालू झाल्यावर बी कापावं वाटलं, तर मी सवता कापून देतो."

आप्पा, ही चासी कापू नकोस असं तुम्ही मला कधीच म्हणाला नाहीत. त्या एका गोष्टीसाठी हे सगळं पत्र आहे.

पुढची दोन वर्षं दर रविवारी सकाळी नऊला मी तुमच्या शेडमध्ये यायची. पहिल्या दिवशी वाटलं होतं, तुम्ही काम कराल आणि मी बघत बसेन. तुम्ही रॉकेलचा ट्रे, तारेचा ब्रश आणि एक पुठ्ठा पुढ्यात ठेवलात. जो नट जिथून निघाला, त्याचं चित्र पुठ्ठ्यावर काढायचं आणि नट तिथंच खोचायचा. असे अकरा पुठ्ठे झाले. चौथ्या रविवारी माझ्या ध्यानात आलं, की कुठला आटा घसरलाय, कुठला वॉशर नंतर कुणीतरी ठोकून बसवलाय, हे मला दिसायला लागलंय. टाकी धुवायचीसुद्धा मलाच दिलीत. आत बारीक खडी आणि सायकलच्या चेनचे तुकडे टाकून, तोंडं बंद करून, मांडीवर घेऊन हलवायची. लाल पाणी निघायचं, ते ओतायचं, परत हलवायची. पाणी नितळ यायला तीन रविवार लागले.

पण मला लिहायचंय ते क्रँकबद्दल, म्हणजे पिस्टनचं वर-खाली होणं फिरण्यात बदलणाऱ्या इंजिनातल्या भागाबद्दल.

पिस्टनचा रॉड क्रँकला जिथं जोडतो, तिथलं बिग एंडचं बेअरिंग गेलेलं होतं. क्रँक प्रेसवर उघडायचा, पिन, बेअरिंग आणि रॉड नवीन घालून पुन्हा दाबायचा. इथवर कुणीही करतं. खरं काम त्याच्यानंतर. दाबलेला क्रँक तुम्ही लेथवर दोन सेंटरमध्ये धरलात, शाफ्टला डायल लावला आणि चाक हातानं फिरवलंत. काटा डोलायला लागला. डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. बारा घरं आऊट होता. तुम्ही तांब्याचा हातोडा घेतलात, एका पाख्यावर बोट ठेवून जागा हेरलीत आणि एकच ठोका दिलात. फिरवलंत. आठ. परत जागा हेरलीत, परत एक ठोका. पाच. मग हातोडा माझ्या हातात दिलात.

माझा पहिला ठोका चुकला आणि काटा पुन्हा नऊवर गेला. मला रडू यायच्या बेतात होतं. तुम्ही म्हणालात, "तो काय रागवत न्हाई. फिरवून बघ, त्योच सांगतोय कुटं मारायचं ते." दुपारी दीड वाजता काटा दोन घरांच्या आत आला. त्या दीड वाजेपर्यंत तुम्ही जेवायला उठला नव्हतात. घरून दोनदा निरोप आला होता, तेही मला नंतर कळलं. उद्यमनगरात जुन्या काळच्या नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही का निघतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कळलं मात्र त्या दुपारी. जे यंत्र पुढ्यात आहे, त्यालाच विचारायचं.

सिलेंडर बोअर करून अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन बसला. मूळ बोअर ६५, आता साडेपासष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात जिकोव्हचा कार्बोरेटर मिळाला. क्लचच्या बुचाच्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवून ठेवल्या. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून गाड्या काढत होता, १९९६ साली तो बंद पडला. म्हणजे अस्सल माल आता जुन्या दुकानांच्या माळ्यावर असेल तेवढाच. त्याच कारखान्यातल्या पुढच्या गाडीचं, येझदीचं, काही सामान बसतं, पण मडगार्डचा तो बाक, टाकीच्या त्या क्रोमच्या पट्ट्या परत कुठून आणणार? खडूच्या खुणा मडगार्डावर अजून पुसट दिसत होत्या. एका रविवारी त्या मीच पुसल्या. तुम्ही बघितलंत, बोलला नाहीत.

मग जुलैमध्ये मी घाई केली. डायनामोच्या बाजूचं ऑइल सील नवीन घातलं. क्लचच्या बाजूचं जुनंच बरं दिसत होतं, म्हणून तेच ठेवलं. तुम्ही त्या रविवारी गावाला गेला होतात. डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून उभा केला (जावात गिअर आणि किक एकच दांडा, हे मला आजही नवलाचं वाटतं) आणि पाचव्या किकला गाडी चालू झाली! गल्लीतली पोरं ओरडली. दोन मिनिटांत दोन्ही सायलेन्सरमधून इतका पांढरा धूर आला, की समोरचं दुकान दिसेना. तासभर चालवली तरी धूर हटेना.

पुढच्या रविवारी तुम्हाला सांगताना माझी मान खाली होती. तुम्ही रागावला नाहीत. "गिअरबॉक्सचं तेल काढ आनि मोज," एवढंच म्हणालात. मोजलं, तर घातलेल्यापेक्षा पेलाभर कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये जातं, म्हणून ती जागा हवाबंद लागते. क्लचकडचं सील गळकं असेल तर इंजिन तिथून गिअरचं तेल ओढतं आणि जाळतं. धूर त्याचाच. डायनामोकडचं गळकं असेल तर हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून धरतो. हे तुम्ही तोंडानं सांगितलं असतंत तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते. रिकामा पेला मात्र विसरणार नाही. इंजिन पुन्हा खाली उतरवलं, पुन्हा उघडलं. त्यात दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात मी जितकं शिकले, तितकं आधीच्या वर्षात शिकले नव्हते.

पॉइंटचं, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या छोट्या जोडीचं काम मला सगळ्यात आवडलं. ०.४ मिलिमीटरचा गॅप फीलर गेजनं लावायचा. टायमिंगला मात्र तुम्ही सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद घेतलात. पॉइंटमध्ये कागद धरून हलकेच ओढत राहायचं आणि दुसऱ्या हातानं क्रँक फिरवायचा. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी ठिणगी. माझ्या चिमटीत तो कागद पहिल्यांदा सुटला, तेव्हा मला अंगभर शहारा आला. दीड-दोन किलोची लोखंडी चाकं आणि त्यांचा क्षण कागदाच्या कपट्यावर ठरतो.

रंगाचं थोडक्यात लिहिते, कारण ते तुमच्या शेडमध्ये झालं नाही. पण माणसं तुमचीच. टाकीला आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, "डायरेक क्रोम कुनी म्हटलं तर तिथनं उठ" हे तुमचं वाक्य मी प्लेटिंगवाल्याला जसंच्या तसं सांगितलं आणि तो हसला. मरून रंगावरच्या सोनेरी रेघा मारायला तुम्ही तो पाट्या रंगवणारा म्हातारा शोधून दिलात. लांब केसांचा ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, श्वास रोखलेला. एका दमात टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेप नाही, पट्टी नाही.

दुसऱ्यांदा इंजिन चालू केलं, ते २०२३ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. लिटरला ४० मिली तेल घातलेलं पेट्रोल. तिसरी किक. जरासा निळसर धूर, तो विरला, आणि मग तो थांबत थांबत येणारा आवाज. तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरलात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सिलेंडर एक, सायलेन्सर दोन, दोन्हीकडचा मार सारखा आहे का ते बघत होतात. मग आत गेलात आणि ग्राइंडर घेऊन आलात. बटणाला जोडलात. "बोल, कुटं कापू?"

मला बोलता येईना. तुम्ही हसला नाहीत, खरंच वाट बघत उभे होतात. मी नको म्हटलं असतं तरी चाललं असतं आणि हो म्हटलं असतं तरी तुम्ही कापून दिलं असतंत, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे.

त्यानंतरच आपण ते ठरवलं. जे पान्यानं निघतं ते बदलायचं, ज्याला कापावं लागतं त्याला हात लावायचा नाही. हँडल माझ्या उंचीला बेताचं, थोडं मागे वळलेलं. मागचं कॅरिअर मूळच्याच भोकांना बोल्टनं बसवलेलं, तुमच्याच लेथवर बुश काढून. सीटचा फोम नवीन. मूळचं हँडल तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. गाडी माझी दिसते आणि तासाभरात पुन्हा १९६९ ची होऊ शकते.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढलेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली गाडी त्यात नोंदवता येते, नव्यानं नोंदणी केली तर नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते. तशी नोंदणी झाली की रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही, म्हणून करायची की नाही हे माझं ठरत नाहीये. पण ठरवण्याची मुभा मला आहे, कारण चासीवर तुम्ही पुसून काढलेला नंबर आहे आणि त्याच्यामागचं लोखंड अखंड आहे. मार्चमधल्या त्या रविवारी तुम्ही चहा प्यायला आत गेला असतात, तर ही वाट तेव्हाच बंद झाली असती.

क्रँक दाबण्याचे आणि बुशचे पैसे तुम्ही घेतलेत. दोन वर्षांच्या रविवारांचे विचारले, तर "त्ये कशाचं?" म्हणालात. मी पुन्हा विचारणार नाही. फक्त एवढं ऐका. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीनं तिच्या वडिलांची बंद पडलेली येझदी माझ्याकडे आणली. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर रॉकेलचा ट्रे ठेवला आणि पुठ्ठा दिला.

पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही, तुम्ही सांगितलं तसं. मग पन्हाळ्याला गेले. शेवटच्या चढाला दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता वर गेली. वाघ दरवाजापाशी थांबवून टाकीवर हात ठेवला, तेव्हा तुमची आठवण झाली आणि हे पत्र लिहायचं ठरलं.

तिसऱ्या गिअरला बारीक घरघर येतेय, रिकाम्या रस्त्यावरच ऐकू येते. रविवारी नऊला घेऊन येते. तुम्ही नुसता कान लावा, पाना मी धरते.

तुमची,
जावावाली पोरगी