"इथून छान दिसतं" म्हणणाऱ्या बाईंना

बाई,

हे पत्र तुमच्या एकटीच्या हातात देता आलं असतं. उघड लिहितोय, कारण तुमच्या वर्गात मागे बसून आम्ही तुम्हाला जे करताना पाहिलं ते कुणाही मोठ्या माणसाला जमण्यासारखं आहे आणि तरीही बहुतेकांना सुचत नाही. आम्ही दोघे लहान मुलांचे समुपदेशक, त्यामुळे तपासणी-तक्त्यांच्या भाषेत बोलायची खोड लागलेली. ती मधेमधे डोकावली तर सांभाळून घ्या.

आधी त्या बस्कराबद्दल.

मुलांच्या गोलाबाहेर, दोनेक हात लांब, भिंतीला लागून तुम्ही एक बस्कर टाकलंत. ते कशासाठी, हे कुणाला सांगितलं नाहीत. त्यावर सगळ्यात आधी तुम्ही स्वतः जाऊन बसलात. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, नजर गोलाकडे. दाराची चौकट धरून उभ्या असलेल्या त्या मुलीकडे एकदाही पाहिलं नाहीत. बस्कराची अर्धी बाजू मात्र रिकामी ठेवलीत. मग, कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणालात, "इथून छान दिसतं."

बस, एवढंच. हात धरणं नाही, "ये ना, बघ सगळे कसे खेळतायत" नाही, खाऊचं आमिष नाही. ती आली तेव्हा तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. फक्त तिला जागा व्हावी म्हणून गुडघा जरासा आत घेतलात.

त्या गुडघ्यासाठी हे पत्र आहे.

नव्या जागी हळूहळू रुळणाऱ्या मुलाला खेळाची भीती नसते, रोखलेल्या नजरांची असते. समोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोलावलं की त्या मुलाला उत्तर देणं भाग पडतं. शेजारी बसून दोघांनी तिसरीकडे पाहिलं की ते ओझं उतरतं. आणि तुम्ही आधी बसलात म्हणून त्या जागेला मान आला. तेच बस्कर दाखवून "जा, तिथे बस" म्हटलं असतं, तर दुपारपर्यंत ती शिक्षेची जागा झाली असती आणि मग कितीही गोड बोललं तरी तिथे कुणी गेलं नसतं.

आता जरा कडू. आदल्या वर्षीच्या नोंदवहीत याच मुलीपुढे लिहिलं होतं : "घुमी आहे. मिसळत नाही. घरी लक्ष द्यावे." तीन वाक्यांत निकाल लागला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण वर्षभर त्या मुलीशी बोलणारा प्रत्येक मोठा माणूस तो शब्द वाचूनच बोलला. आमच्याकडे आलेल्या तक्त्यातही तो तसाच उतरवलेला होता आणि तो आम्हीही लगेच खोडला नाही, हे कबूल करायला हवं.

आणि अशा शब्दांची मराठीत केवढी चंगळ आहे! घुमा, बुजरा, मुखदुर्बळ, रडूबाई, भित्री भागूबाई, आगाऊ, चोंबडा, वांड, द्वाड, धांदरट, चुळबुळ्या. लाडाने म्हणा नाहीतर रागाने, मुलाच्या कानात शिरताना तो शब्द विशेषण राहत नाही, नाव होऊन बसतो. सुझन गेलमन आणि गेल हेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एखाद्या मुलीबद्दल काही जणांना सांगितलं, ती संधी मिळेल तेव्हा गाजरं खाते. काहींना सांगितलं, ती 'गाजरखाऊ' आहे. माहिती तीच, पण नाव लावलेलं ऐकलेल्या मुलांना ती सवय जास्त पक्की, कुणी अडवलं तरी न सुटणारी वाटली. गाजराची ही कथा, तर 'घुमी'चं काय होत असेल?

तुम्ही त्या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारलीत आणि खाली लिहिलंत : "आधी पाहते, मग येते. वेळ लागतो." सगळा फरक क्रियापदांत आहे. 'आहे' म्हटलं की दार बंद. 'लागतं' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, काय लागतं? किती लागतं? मग तुम्ही वर्गाला हेच वाक्य शिकवलंत. "मला आधी बघायला लागतं." "मला मधेमधे उठायला लागतं." "मला आवाज कमी लागतो." पाच वर्षांच्या मुलाला 'स्वभाव' हा शब्द शिकवायची काहीच गरज नसते; हे एक वाक्य पुरतं.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही पाटी आम्ही कितीतरी वर्गांत टांगलेली पाहिलीय. तिच्याच खाली "हाताची घडी, तोंडावर बोट" चालू असतं. आणखी एक प्रकार सर्रास चालतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही : दोन दंगेखोर मुलांच्या मधे एका शांत मुलीला बसवायचं. म्हणजे तिचा स्वभाव आपण भिंतीसारखा वापरायचा. तुमच्या वर्गात कोणी कोणाची भिंत नव्हतं.

मुलांना आपापला कल ओळखता यावा म्हणून तुम्ही घेतलेला दोरीचा खेळ इथे सविस्तर लिहितोय, कारण तुमचा वर्ग पाहून गेलेल्यांनी तो आपापल्या वर्गात घेतला आणि बहुतेकांचा फसला. चारेक मीटरची जाड सुती दोरी जमिनीवर सरळ ताणायची. एका टोकाला धावत्या पावलांचं चित्र, दुसऱ्या टोकाला उघड्या डोळ्यांचं. प्रश्न एकच : नवा खेळ आला की तू काय करतोस? लगेच जातोस की आधी बघतोस? प्रत्येकाने आधी वीतभर कागदी पट्टीवर छापलेल्या रेघेवर खडूने ठिपका काढायचा, पट्टी पालथी ठेवायची, आणि मगच दोरीवर जाऊन उभं राहायचं. एका वेळी पाचच मुलं, आणि जिवलग मित्र वेगवेगळ्या तुकड्यांत. पट्टीची पायरी गाळली की मुलं स्वतःपाशी थांबतच नाहीत, मित्राच्या शेजारी जाऊन उभी राहतात आणि बाईंना वाटतं, वर्गाचा कल कळला. खेळ दहा-बारा मिनिटांत आवरायचा, आठवड्याला एकच प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात आवाजाबद्दल, तिसऱ्यात ठरलेली गोष्ट ऐनवेळी बदलली तर काय वाटतं त्याबद्दल.

फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, टोकांना 'धीट' आणि 'भित्रा' अशी नावं दिली की भित्र्याच्या टोकाला कोण उभं राहणार? दुसरी चूक आवाजाची. धावत्या पावलांपाशी उभ्या राहिलेल्या मुलाला एकदा जरी "अरे वा!" म्हटलंत, तरी पुढच्या खेपेला निम्मा वर्ग तिकडे सरकतो. तुम्ही दोन्ही टोकांना सारख्याच सुरात "बरं" म्हणत होतात. हा "बरं" ऐकायला सोपा, म्हणायला फार अवघड.

तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या तीन पट्ट्या एकाखाली एक चिकटवल्या तेव्हा मुलांना जे दिसलं ते आम्हाला शिकायला फार वेळ लागला होता. ठिपके एका रेषेत नव्हते. नव्या खेळात सगळ्यात पुढे असणारा मुलगा आवाजाच्या पट्टीवर पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे एकाच मुलात धावती पावलंही आणि उघडे डोळेही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांना तान्हेपणापासून वर्षानुवर्षं पाहिलं आणि उपजत स्वभावाची ९ अंगं मांडली. साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. ('अवघड' हा शब्द त्यांनाही टाळता आला नाही, हे वाचून आम्हाला थोडा धीर येतो.) उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. एक तृतीयांशाहून जास्त मुलं ज्या कप्प्यांच्या बाहेर राहतात, त्या कप्प्यांवर मुलांची नावं चिकटवण्यात काय हशील? त्यांच्या कामातली टिकाऊ गोष्ट दुसरीच आहे. अडचण मुलाच्या स्वभावात नसते, तो स्वभाव आणि भोवतीच्यांची अपेक्षा यांच्या न जुळण्यात असते. ते जुळवण्याचं काम मोठ्यांचं.

म्हणूनच "तू सिंह, तू घुबड" असे तक्ते तुम्ही लावले नाहीत याचा आनंद झाला. मोठ्यांच्या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची ती बाळबोध नक्कल असते. शिवाय मराठीत घुबड म्हणजे शिवी. ज्याच्या वाट्याला ते येणार, ते मूल घरी जाऊन रडणारच.

मोज्याच्या बाहुल्यांचा खेळही तुम्ही वेगळा रचला होता. एक घाईची, एक सावकाश. अशा गोष्टींचा शेवट नेहमी ठरलेला : गप्प बाहुली शेवटी सगळ्यांसमोर गाणं म्हणते आणि टाळ्या. ऐकणाऱ्या गप्प मुलाला त्यातून एकच कळतं, की आपल्याला काहीतरी झालंय आणि ते बरं व्हायला हवं. तुमच्या गोष्टीत चेंडू उतारावरून घरंगळला तेव्हा घाईची बाहुली कामाला आली, आणि डबीचं झाकण कुठे पडलं ते सावकाश बाहुलीने आधीच पाहून ठेवलं होतं. दोघी एकेकदा अडल्या, आणि शेवटपर्यंत होत्या तशाच राहिल्या.

हे सगळं चार-साडेचार वर्षांच्या आधी फारसं जमत नाही, त्यामुळे धाकट्या गटाला तुम्ही दोरीवर उभं केलं नाहीत ते बरोबरच केलंत. हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे : मुलगा खाऊ एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई तो दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मुलगा कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा नव्या जागेकडे बोट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. चार-पाचच्या सुमारास ते उमगू लागतं. त्याआधी "तिला वेगळं वाटतं" हे वाक्य मुलाच्या डोक्यावरून जातं, आणि आपण मात्र त्याला स्वार्थी ठरवून मोकळे होतो.

प्रश्न विचारल्यावर तुमची तीन बोटं मांडीवर एकेक करून टेकायची, तेही आम्ही पाहिलं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. हे आम्ही प्रशिक्षणात सांगतो. सांगताना स्वतः थांबतो का, हा प्रश्न कृपया विचारू नका.

दोन गोष्टींत तुम्ही कडक होतात आणि तेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की स्वभाव म्हटलं की सगळं माफ. एका मुलाने ढकलल्यावर "मला असंच लागतं" म्हटलं. तुम्ही त्याला वाक्य पुढे न्यायला लावलंत : "मला लवकर नंबर लागतो, म्हणून मी काय करीन?" उत्तर त्यानेच द्यायचं, आणि ढकलणं हे उत्तर चालणार नव्हतं. आणि दुसऱ्या एका मुलाबद्दल, जो घरी भरभरून बोलतो आणि शाळेत महिना उलटूनही चकार शब्द काढत नाही, तुम्ही "असेल स्वभाव" म्हणून गप्प बसला नाहीत. शाळेचा पहिला महिना सोडून महिन्याहून जास्त काळ असं चालू राहिलं तर ते तज्ज्ञाला दाखवावं लागतं, आणि ऐकू नीट येतंय ना हेही तपासावं लागतं. तुम्ही पालकांना बाजूला घेऊन, कसलंही नाव न ठेवता, हे सांगितलंत.

सभ्यपणाबद्दल लोक बरंच बोलतात, मोठ्या शब्दांत. आम्हाला आता तो शब्द ऐकला की आत घेतलेला गुडघा आठवतो. समोरच्याला जागा लागते हे ओळखायचं, ती करून द्यायची आणि केल्याचं दाखवायचं नाही. मुलांनी हा सभ्यपणा तुमच्याकडून उचलला, कारण आम्ही पाहिलं त्या शेवटच्या दिवशी बस्करावर येऊन बसला तो वर्गातला सगळ्यात गडबड्या (बघा, निघालाच शब्द तोंडून), म्हणजे ज्याला सतत हलायला लागतं तो मुलगा. त्याला त्या दिवशी आवाज नको होता. ती मुलगी आधीच तिथे होती. ती त्याच्याकडे न बघता थोडी सरकली.

एक विनंती आहे. पुढच्या वर्षी मुलं दुसऱ्या बाईंकडे जातील. बस्करही त्यांच्याबरोबर पाठवा, आणि नव्या बाईंना बाकी काही सांगायला वेळ नाही मिळाला तरी एवढं नक्की सांगा : पहिल्या दिवशी त्यावर आधी स्वतः बसा, आणि चिडलात तरी कुणाला त्यावर पाठवू नका. एकदा पाठवलंत की नवं आणावं लागेल.

मनापासून आभार.

तुमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेले
दोन समुपदेशक